‘आधी नाव विचारा’ : बाजाराच्या गावातलं एक वाक्य आणि पक्षाचे २१ दिवस

हे प्रकरण राजकीय पक्षांच्या तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या पदाधिकाऱ्यांसाठी रचलं आहे. यातलं गाव, पक्ष आणि माणसं कुणा एकाची नाहीत, म्हणून नावं दिलेली नाहीत. कायद्याच्या तरतुदी, न्यायालयाचे निकाल आणि देशपातळीवरची उदाहरणं मात्र खरी आहेत.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचं द्राक्ष-बेदाण्याचं गाव. दर गुरुवारी बाजार भरतो, आजूबाजूच्या आठ-दहा वाड्या-वस्त्या त्यावर चालतात. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती, आचारसंहिता अजून लागलेली नव्हती. सोमवारी रात्री देवळासमोरच्या पारावर एका पक्षाची सभा झाली. बोलणारे पक्षाचे तालुकाध्यक्ष. गाव त्यांना आबा म्हणतं. भाषण २२ मिनिटांचं. पाण्याचं आवर्तन, बेदाण्याचा दर, वस्तीवरचा रस्ता, सगळं नेहमीचं. सतराव्या मिनिटाला ते म्हणाले, “बाजारात कुणाकडनं काय घेताय ते जरा बघत जावा. आधी नाव विचारा, मग पिशवी पुढं करा.” त्यापुढच्या वाक्यात मुसलमान विक्रेत्यांच्या हातच्या मालाबद्दल एक घाणेरडा, खोटा आरोप होता. तो इथे लिहीत नाही. पुढे लागेल म्हणून एक नियम इथेच सांगून ठेवतो: पक्षाच्या बंद फाइलीत आणि नोटिशीत ते वाक्य शब्दशः असलंच पाहिजे, जाहीर निवेदनात ते कधीही उद्धृत करू नये. निवेदनातून आरोप पुन्हा छापला की तो आणखी हजार लोकांपर्यंत जातो.

सभेतल्याच एकाने ४१ सेकंदांचा व्हिडिओ काढला. रात्री दहाच्या आत तो तालुक्यातल्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपवर होता.

पहिली चूक मंगळवारी सकाळी झाली. एका वार्ताहराने जिल्हाध्यक्षांना फोनवर विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं, “ते त्यांचं वैयक्तिक मत आहे.” पदाधिकाऱ्यांच्या तोंडात हे वाक्य बसलेलंच असतं, विचार करायच्या आत बाहेर पडतं. पण सभेच्या परवानगीचा पोलीस ठाण्याकडे दिलेला अर्ज पक्षाच्या लेटरहेडवर होता. मंडप आणि स्पीकरचं भाडं पक्षाने दिलं होतं. मागे पक्षाचा फ्लेक्स, बोलणाऱ्याच्या गळ्यात पक्षाचं उपरणं, आणि तो बोलायला उभा राहिला तोच तालुकाध्यक्ष म्हणून. यातलं वैयक्तिक काय होतं?

मंत्र्याने केलेलं विधान सरकारच्या माथी मारता येईल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे आला होता. कौशल किशोर प्रकरणात ३ जानेवारी २०२३ रोजी बहुमताने निकाल दिला की मंत्र्याचं विधान आपोआप सरकारचं ठरत नाही. पक्षांचे वकील हा निकाल ढालीसारखा पुढे करतात. त्याच प्रकरणात न्या. नागरत्ना यांचं वेगळं मत आहे आणि त्यात त्यांनी आपल्या माणसांच्या बोलण्यावर आचारसंहितेने लगाम घालणं हे पक्षांचं काम असल्याचं म्हटलं आहे. शिवाय तो निकाल सरकारच्या कायदेशीर जबाबदारीबद्दल आहे. पक्षाने आपल्या तालुकाध्यक्षाचं काय करावं, याला तो आड येत नाही.

बुधवारी दुपारी पहिलं निवेदन निघालं. ते असं होतं:

“क्रांतिसिंह नाना पाटलांच्या या जिल्ह्याला सामाजिक सलोख्याची मोठी परंपरा आहे. आमचा पक्ष सर्व जातिधर्मांचा आदर करतो. आमच्या तालुकाध्यक्षांच्या भाषणातील काही शब्दांचा सोशल मीडियावर विपर्यास करण्यात आला. त्यातून कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर आम्ही दिलगिरी व्यक्त करतो.”

चार वाक्यं. पहिलं परंपरेचं, दुसरं स्वतःच्या कौतुकाचं. तिसऱ्यात दोष व्हिडिओ काढणाऱ्यावर ढकलला. चौथ्यात ‘असतील तर’. काय बोललं गेलं, कुणाबद्दल, ते खरं की खोटं, पक्षाला मान्य की अमान्य, यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर नाही. ‘मुसलमान’ हा शब्द नाही, ‘बाजार’ हा शब्द नाही. ‘भावना’ हा शब्द तर इथे मुळातच चुकीचा. बागवानाच्या गाड्यावरून माल घेऊ नका असं सांगितलं तर त्याची भावना नंतर दुखावते, आधी त्याचा धंदा बसतो. निवेदनावर जावक क्रमांक नव्हता आणि सही कार्यालय चिटणिसाची होती. पुढे चौकशीत जिल्हाध्यक्षांनीच ‘ते मी पाहिलं नव्हतं’ असं सांगितलं आणि कागदावरून ते खोडताही आलं नाही.

गुरुवारी बाजार भरला. तिथे काय झालं हे पक्षाला कळलं ते महिला आघाडीच्या तालुकाध्यक्षांमुळे. त्या भाजी घ्यायला गेल्या होत्या. दोन गाड्यांवर जे पाहिलं त्यानंतर त्यांनी हिशेबाची वही काढली आणि दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत बाजारभर फिरल्या. बाजारात एकूण ७० च्या आसपास बैठका, म्हणजे विक्रीला बसायच्या जागा, त्यातल्या ११ मुसलमान कुटुंबांच्या. बागवानांच्या फळाच्या चार गाड्या, दोन तांबोळी, एक अत्तार, एक पिंजारी गादीवाला, सुऱ्या-विळ्यांना धार लावणारा शिकलगार, मसाल्याचे मुलाणी आणि बांगड्यांचे मणेर. वहीतल्या नोंदी अशा: ‘केळी १२ कॅरेट आणली, ७ परत. पपई निम्मी परत. शिकलगाराकडे नेहमीसारखीच गर्दी.’ ही शेवटची नोंदही महत्त्वाची आहे. तालुक्यात विळ्याला धार लावणारा दुसरा कुणी नव्हता. जिथे दुसरीकडे जायची सोय आहे तिथेच बहिष्कार चालतो, म्हणून त्याची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. फळवाला आणि बांगडीवाला आधी मरतो.

मणेरांच्या बैठकीजवळ त्या बराच वेळ थांबल्या. बांगड्या भरायच्या म्हणजे बाईने हात पुढे करायचा, मणेराने तो हातात घ्यायचा, बोटं जुळवून, अंगठा आत वळवून कांकण सरकवायचं. २२ वर्षं त्या गावच्या लेकीसुनांना चुडा तोच भरत आला होता. त्या दिवशी दोन बाया आल्या, बांगड्या पाहिल्या, माप विचारलं. त्यातली एक म्हणाली, “चाचा, तुमचं नाव काय म्हणालासा?” बावीस वर्षांत तिने त्याला चाचा सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. त्याने नाव सांगितलं. ती म्हणाली, “माप देताय का? घरी जाऊन भरीन म्हणते.” हात पुढे केला नाही.

वहीतलं हे पान पुढच्या चौकशीतला सर्वांत मोलाचा कागद ठरलं. पक्षाची तथ्यशोधन समिती बहुतेक वेळा भाषणाच्या जागी जाते, मंडपवाल्याला विचारते, व्हिडिओ पाहते. वाक्य जिथे जाऊन लागलं तिथे कुणी जात नाही. असं वाक्य पेठेत लागतं, शाळेच्या रिक्षात लागतं, भाड्याच्या खोलीच्या दारात लागतं. चौकशी तिथून सुरू करायला हवी.

पाचव्या दिवशी दुसरी मोठी चूक झाली आणि आमच्या मते ती पहिलीपेक्षा वाईट. जिल्हा कार्यालयाने पक्षाच्या अल्पसंख्याक आघाडीच्या पदाधिकाऱ्याला पत्रकार परिषदेत बसवलं. त्याने सांगायचं होतं की आबा आमचे भाऊ आहेत, ईदला शिरखुर्म्याला येतात, त्यांच्या मनात काही नाही. त्याने ते सांगितलं. संध्याकाळी त्याच्या घरी त्याचा सख्खा मामा आला, फळाच्या चार गाड्यांपैकी एक त्याची. दुसऱ्या दिवशी पदाधिकाऱ्याचा राजीनामा आला. ज्याच्या समाजाचा अपमान झाला त्याच्याकडूनच अपमान करणाऱ्याच्या चांगुलपणाचा दाखला मागणं म्हणजे त्या कार्यकर्त्याला घरात आणि मोहल्ल्यात एकटं पाडणं. त्याला आधी विचारायचं असतं ते एवढंच: तुम्हाला काय वाटतं, काय झालेलं तुम्हाला हवं आहे, आणि तुम्ही गप्प राहायचं ठरवलंत तरी तुमच्या पदाला धक्का लागणार नाही.

सहाव्या दिवशी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक झाली. दोन्ही बाजूंनी संयम पाळावा असं ठरलं, हस्तांदोलनाचा फोटो निघाला. दुसरी बाजू मुळात होती कुठे? फळवाल्यांनी कुणाला काही म्हटलेलं नव्हतं. पोलिसांची काळजी खोटी नव्हती, हे मात्र मान्य केलं पाहिजे. २००९ च्या गणेशोत्सवात कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत पेटलेली दंगल इथले पोलीस विसरलेले नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. बंदोबस्त हवाच. पण बंदोबस्त आणि समेट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एकतर्फी बोलण्याला भांडणाचं रूप दिलं की बोलणारा सुटतो आणि ऐकून घेणाऱ्यावर संयमाची जबाबदारी येते.

याच दरम्यान गावातल्या काही तरुणांनी तक्रार द्यायचं ठरवलं. इथे तपशील नीट समजून घेतला पाहिजे, कारण चुकीचं कलम आणि कच्चा पुरावा यामुळे अशा तक्रारी पहिल्या पायरीवरच पडतात.

त्यांच्या पहिल्या अर्जात महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याचा, म्हणजे २०१६ च्या कायद्याचा, उल्लेख होता. नावामुळे हा घोटाळा होतो. तो कायदा जातपंचायतींनी आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध आहे. एका धर्माच्या लोकांनी दुसऱ्या धर्माच्या विक्रेत्याकडे जाऊ नये असं सांगण्याला तो लागत नाही. इथे लागतं ते भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, जुनं भादंवि १५३ अ, धर्म-जात-भाषा यांवरून गटागटांत वैर वाढवणं. आणि कलम ३५३ चं दुसरं पोटकलम, जुनं ५०५ (२), वैर निर्माण होईल असं विधान किंवा खोटी माहिती पसरवणं. दोन्हींत ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दोन्ही दखलपात्र. हाच गुन्हा प्रार्थनास्थळी झाला तर शिक्षा ५ वर्षांपर्यंत जाते. मग पार हे प्रार्थनास्थळ आहे का, यावर ठाण्यात बराच वेळ गेला. पार देवळाच्या आवाराच्या भिंतीबाहेर होता आणि सभेच्या वेळी आरती किंवा पूजा चालू नव्हती, म्हणून वाढीव शिक्षेचं पोटकलम लावलं नाही. ते योग्यच झालं. ताणून लावलेलं कलम पुढे कोर्टात बाकीच्या तक्रारीलाही कमकुवत करतं.

गुन्हा लगेच नोंदवायचा की आधी चौकशी? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडच्या पोलिसांना द्वेषमूलक भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि एप्रिल २०२३ मध्ये ते आदेश सगळ्या राज्यांना लागू केले. त्यानंतर १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ (३) प्रमाणे ३ वर्षं ते ७ वर्षांखालच्या शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. इम्रान प्रतापगढी प्रकरणात २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बोलण्याशी संबंधित अशा गुन्ह्यांत ही चौकशी करणं योग्य असल्याचं सांगितलं. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, समजूतदार माणसाच्या नजरेतून मोजायचा, टीका ऐकली की बिथरणाऱ्याच्या नाही, असंही त्यात आहे. तक्रारदारांना हा निकाल आडवा येतो असं वाटतं. तसं नाही. तक्रारीत ‘आमच्या भावना दुखावल्या’ एवढंच असेल तर तो आडवा येईल. ‘सोमवारी हे सांगितलं, गुरुवारी या ११ बैठकांवर हा परिणाम झाला’ असं असेल तर खंबीर मनाच्या माणसालाही त्यात काय आहे ते दिसतं. महिला आघाडीच्या अध्यक्षांची वही इथेही कामी आली असती, पण ती पक्षाच्या फाइलीत होती आणि तक्रारदारांना तिची माहिती नव्हती. पोलिसांनी चौकशी अधिकाऱ्यामार्फत ती मागवून घेतली ती तेराव्या दिवशी.

पुराव्याचं म्हणाल तर व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही. फॉरवर्ड होताना व्हिडिओ दाबला जातो, मूळ तारीख-वेळेची माहिती गळून जाते. ज्या फोनने काढला त्या फोनमधली मूळ फाइल हवी. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ (४) चं प्रमाणपत्र हवं. त्याचे दोन भाग असतात, एक फोनवाल्याने भरायचा आणि एक तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून पाहायचा तिचा सांकेतिक क्रमांक, त्यात लिहावी लागते. व्हिडिओ काढणारा पोरगा घाबरला होता, त्याने चौथ्या दिवशी फोनमधून फाइल काढून टाकली. मंडपवाल्याकडे सभेचं पूर्ण २२ मिनिटांचं चित्रीकरण होतं म्हणून निभावलं. आणि एक लक्षात ठेवायचं: कलम १९६ खाली कोर्टाला दखल घ्यायची तर केंद्र किंवा राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ मध्ये ते आहे. गुन्हा नोंदवायला ती लागत नाही, पण खटला तिथेच वर्षानुवर्षं अडकून राहू शकतो. म्हणूनच ‘कायदा आपलं काम करेल’ म्हणून पक्षाने हात झटकणं आम्हाला पटत नाही. कायद्याचं काम महिन्या-वर्षांच्या हिशेबाने चालतं, बाजार दर आठवड्याला भरतो.

आठव्या दिवशी पक्षाने कारणे दाखवा नोटीस काढली. मुदत १५ दिवसांची आणि मजकूर असा की ‘आपल्या वक्तव्यामुळे पक्षाची प्रतिमा मलिन झाली आहे, तरी खुलासा करावा’. या नोटिशीत तीन दोष होते. कोणतं वक्तव्य ते लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे आबांनी खुलाशात ‘क्लिप कापलेली आहे’ असं सांगून मोकळं व्हायची सोय होती आणि त्यांनी तेच केलं. गुन्हा पक्षाच्या प्रतिमेविरुद्ध ठरवला होता, विक्रेत्यांविरुद्ध नाही. आणि मुदतीपर्यंत पद, मंच, माईक सगळं शाबूत. दहाव्या दिवशी शेजारच्या गावात आबा मंचावर होते, पोरांनी मोठा हार घातला आणि फोटो खाली ‘ढाण्या वाघ’ असं लिहून फिरवला.

१५ दिवसांची नोटीस ही देशभर सवयीची गोष्ट आहे. २१ सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत भाजपचे खासदार रमेश बिधूडी यांनी बसपचे खासदार दानिश अली यांना धर्मावरून शिव्या दिल्या, पक्षाने १५ दिवसांची नोटीस दिली आणि काही दिवसांतच त्यांच्याकडे राजस्थानच्या टोंक जिल्ह्याची निवडणुकीची जबाबदारी दिली. भाजपच्याच प्रवक्त्या नूपुर शर्मा यांचं दूरचित्रवाणीवरचं वक्तव्य २६ मे २०२२ चं, निलंबन ५ जूनचं. मधल्या दहा दिवसांत कानपूरला हिंसाचार झाला होता. तेलंगणातले तेव्हाचे भाजप आमदार टी. राजा सिंह यांना पक्षाने ऑगस्ट २०२२ मध्ये निलंबित केलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये निलंबन उठवून गोशामहलची उमेदवारी दिली. काँग्रेसने मणिशंकर अय्यर यांना ७ डिसेंबर २०१७ रोजी ‘नीच’ या शब्दावरून त्याच दिवशी निलंबित केलं, तेव्हा गुजरातचं मतदान दोन दिवसांवर होतं. पुढच्या ऑगस्टमध्ये निलंबन उठलं. म्हणजे पक्ष ठरवतो तेव्हा एका दिवसात हलतो. मग खुलाशाला १५ दिवस कशाला लागतात, असं कार्यकर्ता विचारतो तेव्हा त्याला उत्तर देता आलं पाहिजे.

पदमुक्ती, निलंबन आणि हकालपट्टी यांत गल्लत होते. तालुकाध्यक्षाचं पद या पक्षात जिल्हाध्यक्ष नेमतो, म्हणून पद काढणं एका सहीचं काम होतं आणि ते दुसऱ्या दिवशी करता आलं असतं. निलंबन म्हणजे सभासदत्व गोठवणं. त्याला शिस्तपालन समिती लागते आणि समोरच्याचं ऐकून घेणं लागतं. हकालपट्टी हे शेवटचं. आमदाराच्या बाबतीत हकालपट्टीने आमदारकी जात नाही. विश्वनाथन प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ‘त्यांना काढलं तर पद जाईल, पोटनिवडणूक लागेल’ ही भीती बैठकीत कुणी घातली तर ती बाजूला ठेवावी.

नोटीस कशी असावी, तर अशी: तारीख, वेळ, जागा, भाषणातलं वाक्य शब्दशः, पूर्ण चित्रीकरणातल्या मिनिट-सेकंदासह, त्या वाक्याने कुणाचं काय झालं, पक्षघटनेच्या कोणत्या कलमाचा भंग. ते कलम शोधायला फार जावं लागत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ (५) प्रमाणे नोंदणीकृत प्रत्येक पक्षाच्या घटनेत राज्यघटना, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही यांच्याशी निष्ठेची तरतूद असावीच लागते. पक्ष कोणताही असो, हे वाक्य त्याच्या घटनेत आहे. खुलाशाला ३ दिवस. तोवर पद नाही, मंच नाही, पक्षाच्या ग्रुपवर लिहायचं नाही. आणि खुलासा मागताना पूर्ण चित्रीकरण समोरच्याला द्यायचं. आबांचं म्हणणं ऐकून घेणं हा त्यांचा हक्क होता. क्लिप खरोखर कापलेली असती तर तेही फाइलीत यायला हवं होतं. पूर्ण चित्रीकरण पाहिल्यावर वाक्यं तशीच निघाली, आधी-नंतर काही वेगळा संदर्भ निघाला नाही.

सोळाव्या दिवशी प्रदेश कार्यालयाकडून फोन आला. तोवर दोन बाजार झाले होते आणि दुसऱ्या बाजारात ११ पैकी ७ च बैठका लागल्या होत्या. महिला आघाडीच्या अध्यक्षांनी वही टेबलावर ठेवली आणि नवं निवेदन स्वतः लिहायला घेतलं. जिल्हाध्यक्षांच्या एका सहकाऱ्याचा आग्रह होता की दर्ग्यावर चादर चढवू, फोटो जाईल, विषय मिटेल. त्या म्हणाल्या, “दादा, बोललो बाजाराबद्दल, माफी दर्ग्यात कशी मागायची?” निवेदन असं झालं:

“आमच्या सभेत आमच्या तालुकाध्यक्षांनी मुसलमान विक्रेत्यांकडून माल घेऊ नका असं सांगितलं आणि त्यांच्या मालाबद्दल आरोप केला. आरोप खोटा आहे. सांगणं चूक होतं. ते आमच्या मंचावरून बोललं गेलं, म्हणून जबाबदारी पक्षाची आहे. आम्ही आधी काढलेलं निवेदन मागे घेतो. त्यात विपर्यास हा शब्द होता, विपर्यास झालेला नव्हता. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, शिकलगार, मुलाणी, मणेर या सगळ्या कुटुंबांची आम्ही माफी मागतो. तालुकाध्यक्षांना पदावरून दूर केलं आहे. बाजारात कुणी अडवलं, धमकावलं तर या नंबरवर सांगा.”

खाली जिल्हाध्यक्षांची सही, जावक क्रमांक, आणि दोन फोन नंबर, त्यातला एक बाईचा. अठराव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी चार वाजता, बाजार भरात असताना, त्याच स्पीकरवाल्याकडून स्पीकर आणून जिल्हाध्यक्षांनी ते स्वतः वाचलं. पाच मिनिटं लागली. वाचून झाल्यावर फळाच्या गाडीवर जाऊन पेपरवाल्यांसमोर केळी घ्यायचा बेत कुणीतरी सुचवला होता, तो रद्द केला हे चांगलं झालं. पदाधिकाऱ्यांनी घरचा नेहमीचा बाजार केला, फोटो न काढता. पक्षाचे तालुक्यातले ग्रुप तीन दिवस फक्त ॲडमिनला लिहिता येईल असे ठेवले होते. हे बारीक काम पहिल्याच रात्री व्हायला हवं होतं.

एकविसाव्या दिवशी शिस्तपालन समितीने २ वर्षांचं निलंबन केलं. आदेशात परतीच्या अटी लिहून ठेवल्या: त्याच बाजारात स्वतः उभं राहून ते वाक्य मागे घेणं, पोलीस चौकशीला सहकार्य, आणि या काळात पक्षाच्या कोणत्याही उमेदवाराच्या मंचावर न बसणं. तारीख उलटली म्हणून नव्हे, अटी पुऱ्या झाल्या तरच अर्ज विचारात घ्यायचा. निवडणूक लागली की जिल्हा परिषद गटाच्या उमेदवाराचा दबाव येणार हे समितीला माहीत होतं, म्हणून परतीचा निर्णय जिल्ह्याकडे न ठेवता प्रदेश समितीकडे ठेवला. आचारसंहिता लागल्यानंतर असं भाषण झालं तर तक्रार कुठे, हेही त्यांनी कार्यकर्त्यांना कळवलं: स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तक्रार तिथल्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जाते, भारत निवडणूक आयोगाकडे नाही.

चौथ्या बाजारी ११ पैकी ९ बैठका लागल्या. फळाच्या गाड्या चारही परत आल्या, माल निम्मा आणत होते. एक तांबोळी आणि मणेर आले नाहीत. बाजारातली जागा कागदावर कुणाच्या नावावर नसते. ग्रामपंचायतीच्या वसुली ठेकेदाराकडे दर आठवड्याला पावती फाडायची, आणि दोन-तीन आठवडे माणूस दिसला नाही की जागा दुसऱ्याची. महिला आघाडीच्या अध्यक्षा मणेरांच्या घरी गेल्या तेव्हा त्यांनी चहा दिला, बसायला चटई टाकली आणि सांगितलं की गुरुवारी आता दुसऱ्या तालुक्यातला बाजार धरलाय, तिथे पावतीही कमी आहे. अध्यक्षांनी ठेकेदाराशी बोलून जुनी जागा मोकळी करून ठेवायला सांगितली. ठेकेदाराने एक महिना ठेवली.